हॅमॉकमध्ये पहाटे पाठ गार पडते? आधी खालची बाजू बघा

पाच डिग्रीपर्यंत चालेल असं लिहिलेली स्लीपिंग बॅग आहे. अंगात थर्मल आहे, डोक्याला कानटोपी आहे. रात्री दहाला हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधलेल्या कापडी झोळीत, आडवं झालं की छान वाटतं. मग अडीच-तीनच्या सुमारास जाग येते. छाती, पोट, मांड्या ऊबदार, पण पाठ, कंबरेखालचा भाग आणि खांद्यांची मागची बाजू ओल्या फडक्यावर झोपल्यासारखी गार. कुशीवर वळलं की तेवढी कूस गार पडते. उजाडेपर्यंत कुशी बदलायच्या आणि सकाळी सॅक भरताना ठरवायचं, की हॅमॉक फक्त उन्हाळ्यात न्यायचा.

दर हिवाळ्यात ओळखीतलं कुणी ना कुणी हीच तक्रार घेऊन येतं आणि बहुतेकांनी त्यावर एकच उपाय केलेला असतो: आणखी जाड स्लीपिंग बॅग. चार-पाच हजार जातात आणि पुढच्या ट्रेकला पाठ तेवढीच गार पडते. बॅगेत दोष नसतो. ती ज्या जागी काम करत नाही, नेमक्या त्याच जागी आपण ऊब मागत असतो.

मीही दोन हिवाळे हेच केलं. डिसेंबरात भंडारदऱ्याच्या बाजूला होतो. भात निघून खाचरं रिकामी झाली होती. एका घरमालकांना विचारून त्यांच्या बांधावरच्या दोन जांभळांमध्ये हॅमॉक बांधला होता. त्या रात्री बॅगेत दुसरी पातळ बॅग घालून झोपलो, तरी तीनला उठून बसलो. सकाळी चुलीपाशी हात शेकत असताना त्या घरच्या आजींनी विचारलं, "झोप लागली का रं बाळा?" म्हटलं, "पाठ गारठली, आजी." त्या उठून बांधावर आल्या, झोळीच्या कापडाखालून हात फिरवला आणि म्हणाल्या, "खाली कायच नाही की रं. तान्ह्या लेकराच्या झोळीत बी आधी गोधडी घालत्यात, मग लेकरू."

सगळा उलगडा त्या एका वाक्यात आहे. का ते आधी सांगतो, म्हणजे उपाय आंधळेपणाने करावे लागणार नाहीत.

ऊब कुठून जाते

स्लीपिंग बॅगेतला कापूस, पिसं किंवा सिंथेटिक तंतू स्वतः ऊब देत नाहीत. ते फुगून राहतात आणि आपल्या फटींमध्ये हवा अडवून धरतात. हलू न शकणारी हवा हेच पांघरूण. आपण बॅगेवर झोपलो की पाठीखालचा भाग आपल्याच वजनाने चेपून पापडासारखा होतो, आतली हवा निघून जाते आणि उरतात कापडाचे दोन पदर.

जमिनीवर हे लक्षात येत नाही, कारण तिथे बॅगेखाली मॅट असते. बॅगेवर छापलेला तापमानाचा आकडाही तसाच काढलेला असतो. आयएसओ २३५३७ या मानकाच्या चाचणीत गरम केलेला माणसाच्या आकाराचा पुतळा बॅगेत ठेवतात आणि त्याच्या खाली मॅट असते. म्हणजे मॅट नसेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाहीच.

हॅमॉकमध्ये खाली मॅट नाही, जमीनही नाही. आहे ते नायलॉनचं एक पातळ कापड आणि त्याखालून सरकणारी हवा. गरम चहावर फुंकर मारली की वरचा ऊबदार थर निघून जातो आणि चहा निवतो. इथे ती फुंकर रात्रभर पाठीवर चालू असते. वारा अगदी पडलेला असला तरी डोंगरउतारावरून गार हवा हळूहळू खाली वाहतच असते. म्हणूनच जमिनीवर ज्या रात्री चादरीवर भागतं, त्याच रात्री हॅमॉकमध्ये कुडकुडायला होतं. माझ्या अनुभवात पारा २० डिग्रीच्या खाली आला की पाठीखाली काहीतरी लागतंच.

तुमची थंडी कोणत्या प्रकारची आहे

उपायाआधी हे ओळखा. आडवं झाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात अख्खी पाठ गार पडत असेल, तर खाली ऊब धरणारं काहीच नाही, साधी गोष्ट. सुरुवातीला बरं वाटून मध्यरात्रीनंतर गारठत असाल, तर जे होतं ते सरकलंय किंवा सैल पडलंय. फक्त खांदे आणि कोपरं गार असतील तर मॅट अरुंद पडतेय, नाहीतर हॅमॉक फार ताणून बांधलाय. एखादाच पट्टा, म्हणजे कंबरेखाली किंवा मानेपाशी गार झोत लागल्यासारखं वाटत असेल, तर अंडरक्विल्टमध्ये, म्हणजे हॅमॉकखाली बाहेरून टांगायच्या रजईत, फट आहे. आणि पाठ गार लागण्याबरोबर दमट लागत असेल तर फोमवर घाम साचलाय. रात्री जाग आली की अर्धा मिनिट नुसतं पडून राहा आणि नेमकं कुठे गार लागतंय ते ठरवा. सकाळी ते आठवत नाही, म्हणून मी फोनमध्ये दोन शब्द लिहून ठेवतो.

मॅट घालताय तर ती सरकणार, हे धरूनच घाला

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे ट्रेकिंगची साधी फोमची मॅट. फोम चेपला जात नाही, म्हणून पाठीखालीही त्याचं काम चालू राहतं. तुमच्याकडे ती बहुधा आहेच. अडचण दोन गोष्टींची: नायलॉनवर फोम घसरतो आणि मॅटची रुंदी साधारण ५० ते ६० सेंटिमीटर असते. जमिनीवर ती पुरते. हॅमॉकमध्ये मात्र कापड दोन्ही बाजूंनी वर येऊन खांद्यांना लागतं आणि खांद्यापाशी मॅट संपलेली असते.

हॅमॉक दुपदरी असेल तर मॅट दोन पदरांच्या मध्ये घाला. सरकायचा प्रश्न तिथेच मिटतो. एकपदरी असेल तर मॅट स्लीपिंग बॅगेच्या आत घाला, म्हणजे तुम्ही वळाल तशी ती बरोबर येईल. चिंचोळ्या बॅगेत जागा कमी पडते, तरी चालतं. खांद्यांसाठी जुन्या मॅटचा ४० सेंटिमीटर रुंद आणि ९० ते १०० सेंटिमीटर लांब तुकडा कापा आणि मुख्य मॅटवर आडवा, इंग्रजी 'टी'सारखा ठेवा. गाडीच्या काचेवर उन्हासाठी लावतात तो चांदीच्या रंगाचा फोमचा पडदा या आडव्या तुकड्यासाठी उत्तम. तो हलका असतो, रुंद असतो आणि कापडाच्या गोलाईप्रमाणे वाकतो.

फोममधून घाम बाहेर पडत नाही, म्हणून मॅटवर थेट झोपू नका. मध्ये एक सुती पंचा किंवा पातळ चादर टाका. हवेच्या मॅटचा अनुभव मला फारसा चांगला नाही. वळलं की ती अख्खी कुशीतून निसटते. घ्यायचीच असेल तर पूर्ण फुगवू नका, अर्धीच हवा भरा.

अंडरक्विल्ट असूनही पाठ गार? फट शोधा

थंडीत वर्षातून चार-पाचदा हॅमॉकमध्ये झोपणार असाल, तर अंडरक्विल्ट हाच खरा उपाय. ही हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या बाजूला टांगलेली रजई. तुम्ही तिच्यावर झोपत नाही, त्यामुळे ती चेपत नाही, फुगलेली राहते. पण जवळ अंडरक्विल्ट असूनही गारठणारे मला सर्वात जास्त भेटतात आणि दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं: कापड आणि रजई यांच्यामध्ये मोकळी जागा राहिलेली असते. त्या जागेत गार हवा एका टोकाकडून शिरते, पाठीवरून जाते आणि दुसरीकडून निघून जाते. अशी टांगलेली रजई नसल्यातच जमा.

फट राहते, कारण आपण रिकाम्या हॅमॉकला रजई लावतो, ती छान बसलेली दिसते आणि आपण समाधान मानतो. माणूस आत बसला की हॅमॉक खाली जातो, टोकं वर येतात, कापडाचा आकारच बदलतो. म्हणून रजई जुळवायची ती माणूस आत असतानाच. सोबत्याला आत झोपवा, ज्या कोनात तो रात्री झोपणार त्याच कोनात. तुम्ही खाली उकिडवे बसा आणि तळहात रजईच्या बाहेरून टेकवत डोक्याकडून पायांकडे न्या. हात लावला की रजई मऊ, फुगीर लागली पाहिजे आणि तिच्या लगेच पलीकडे माणसाची पाठ जाणवली पाहिजे. दाबल्यावर हात पोकळीत गेल्यासारखा वाटला तर इलॅस्टिक आवळा. उलट रजई चपटी, ताणलेली लागली आणि बरगडी हाताला थेट लागली तर ती फार आवळली गेलीय. सैल करा, कारण चेपलेली रजई आणि चेपलेली बॅग यांत फरक नाही.

एकटे असाल तर आत झोपून एक हात काठावरून खाली, कापड आणि रजईच्या मध्ये घाला. सगळीकडे हाताला एका बाजूने कापड आणि दुसऱ्या बाजूने रजई हलकेच लागली तर ठीक. कंबरेपाशी हात मोकळा फिरला तर तिथे फट आहे. माझी नेहमी तिथेच असायची, कारण सर्वात जास्त वजन तिथे आणि सर्वात जास्त झोळही तिथेच.

मग दोन्ही टोकांच्या नाड्या बघा. रजईची डोक्याकडची आणि पायांकडची कड हॅमॉकच्या कापडाला चिकटेपर्यंत ओढून घ्या. लोक हे विसरतात आणि मानेपाशी झोत लागतो म्हणतात. हॅमॉकमध्ये आपण तिरके झोपतो, त्यामुळे एक खांदा रजईच्या बाहेर डोकावतो. अख्खी रजई वीतभर डोक्याकडे सरकवली की बहुतेकदा तो झाकला जातो. लांबीला कमी, म्हणजे खांद्यापासून पोटरीपर्यंतचीच रजई असेल, तर पायांखाली मॅटचा हातभर तुकडा ठेवा.

मध्यरात्रीनंतर गार पडायला लागलं तर इलॅस्टिककडे संशयाने बघा. दोन-तीन हिवाळ्यांत ते मरतं. रात्री भार घेऊन हळूहळू लांबतं आणि पहाटेपर्यंत रजई दोन बोटं खाली आलेली असते. शिंप्याच्या दुकानातून नवं इलॅस्टिक आणून बदलायला पंधरा मिनिटं लागतात.

घरची अंडरक्विल्ट

विकतची घ्यायच्या आधी हे करून बघा. जुनी, आयताकृती, चेन पूर्ण उघडणारी स्लीपिंग बॅग सपाट पसरा. शिवायची गरज नाही. प्रत्येक कोपऱ्यात बोराएवढा गुळगुळीत खडा ठेवा, कापडाची पुरचुंडी करून त्याच्यामागे बाहेरून पॅराकॉर्डचा, म्हणजे बारीक पण मजबूत नायलॉन दोरीचा, फास आवळा. खड्यामुळे फास निसटत नाही. त्या चार फासांना इलॅस्टिकचे तुकडे बांधून दोन डोक्याकडच्या, दोन पायांकडच्या दोरीला अडकवा. लांब कडांवरही मधोमध एकेक खडा बांधून काठ वर खेचता येतात, नाहीतर ते लोंबतात आणि बाजूने वारा शिरतो. माझी पहिली अंडरक्विल्ट अशीच होती आणि दोन हिवाळे तिने उत्तम काढले.

आता आजींच्या गोधडीबद्दल. गोधडी हॅमॉकच्या आत, पाठीखाली घातली तरी ऊब देते, कारण ती फुगीर नसतेच. जुन्या सुती साड्यांचे पदर टाक्यांनी घट्ट बसवलेले असतात, वजनाने फार चेपायला त्यात काही उरलेलं नसतं. त्या रात्रीनंतरची रात्र मी आजींच्या गोधडीवर काढली आणि सहापर्यंत सलग झोपलो. पण ती जड असते आणि दव पडून ओलावली की दिवसभर वाळत नाही. गाडीपासून पाचशे पावलांवर मुक्काम असेल तर जरूर न्या. पाठीवर घेऊन घाट चढायला ती योग्य नाही.

भातकापणीनंतर गावात पेंढा मिळतो. मोठ्या पोत्यात तो सैलसर भरून रजईसारखा खाली टांगला तरी चालतो. फक्त पेंढा कोरडा हवा, त्यात गोचीड नाहीत ना ते बघायला हवं आणि शेकोटी बऱ्यापैकी लांब हवी.

बांधणी

फार ताणून बांधलेला हॅमॉक आपल्याला शेंगेसारखा गुंडाळतो, खांद्यांपाशी कापड आवळतं आणि तिथली बॅग दोन्ही बाजूंनी चेपली जाते. स्ट्रॅप, म्हणजे हॅमॉक झाडाला बांधायचा पट्टा, आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांत उतरला पाहिजे. हात पुढे करून अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी धरा; तर्जनी आडवी ठेवली तर तिच्या टोकाकडून अंगठ्याच्या टोकाकडे जाणारी तिरकी रेषा म्हणजे साधारण तो कोन. या कोनात प्रत्येक बाजूच्या स्ट्रॅपवर तुमच्या वजनाएवढीच ओढ येते. कोन १० अंशांवर आणला तर ती जवळपास तिप्पट होते, म्हणजे ७० किलोच्या माणसासाठी एका बाजूला २०० किलो. झाडाची साल, गाठी आणि कापड या तिघांनाही ते सोसवत नाही. झोळ पुरेसा असला की १५ ते ३० अंश तिरकं झोपता येतं, पाठ सपाट राहते आणि रजईही नीट बसते.

नायलॉन ओलसर हवेत आणि भाराखाली लांबतं. संध्याकाळी खुर्चीच्या उंचीवर बांधलेला हॅमॉक पहाटे गवताला टेकतो, दव खालच्या रजईत चढतं आणि मग कितीही चांगली रजई असली तरी गार. बांधल्यावर दहा मिनिटं आत बसून राहा, मग पुन्हा ओढून घ्या. स्ट्रॅप पॉलिस्टरचे आणि निदान अडीच सेंटिमीटर रुंद असावेत. बारीक दोरी झाडाला कापते.

शेवगा आणि पांगारा यांना बांधू नका, दोन्हींचं लाकूड ठिसूळ. सावरीला काटे. आंबा, जांभूळ, ऐन, हिरडा चांगले, खोड निदान मांडीएवढं जाड हवं. बांधण्याआधी वर बघा: वाळलेली फांदी, तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी आणि मुख्य म्हणजे आग्या मोहोळ. मोहोळ दिसलं तर तिथे शेकोटीचा विचारही करू नका, जागाच बदला. अभयारण्याच्या हद्दीत, कळसूबाई-हरिश्चंद्रगड असो की भीमाशंकर की कोयना, वनखात्याला विचारल्याशिवाय रात्र काढू नका. गावातल्या खासगी जागेत विचारून राहिलं की घरचा चहाही मिळतो.

घरी चाचणी करणार असाल तर जरूर करा, जानेवारीत पुण्या-नाशकात पारा दहाच्या आसपास येतो. पण गच्चीच्या कठड्याला किंवा विटांच्या खांबाला हॅमॉक कधीही बांधू नका. विटांचं बांधकाम वरून येणारा भार घेतं, आडवी ओढ घेत नाही, आणि तो खांब कोसळतो तो थेट झोपलेल्या माणसावर.

जागा

महाबळेश्वरात हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरातून. बाजारपेठेत त्याच पहाटे तितकी थंडी नसते. निरभ्र रात्री गार, जड हवा उतारावरून खाली येऊन सखल भागात आणि पाण्याकाठी साचते. म्हणून तलावाच्या अगदी काठावर, ओढ्याच्या पात्राशेजारी बांधू नका. वीस-तीस मीटर वर चढून उताराच्या मध्यावर जागा शोधा. खिंडीतही नको, तिथे वारा रात्रभर थांबत नाही. कारवीच्या दाट जाळीच्या आडोशाला असलेली झाडं मिळाली तर सोन्याहून पिवळं.

टार्प, म्हणजे हॅमॉकवर छतासारखी ताणायची ताडपत्री, पाऊस नसला तरी लावा. वाऱ्याची बाजू जमिनीलगत उतरवली की खालचा झोत तुटतो, शिवाय दव टार्पवर थांबतं. वारा फारच असेल तर पोंचो (अंगावर घ्यायचा पावसाळी झगा) अंडरक्विल्टच्या खाली सैलसर टांगा, चिकटवू नका, नाहीतर बाष्प धरून रजई ओली होते.

पहाटे तीन वाजता, जवळ काहीच नसताना

हे सगळं वाचूनही एखाद्या रात्री तुम्ही उघडे पडालच. तेव्हा कुशी बदलत बसू नका, उठा. लघवीला जाऊन या. मूठभर गूळ-शेंगदाणे खा. रिकामी सॅक पाठीखाली, कंबरेपासून खांद्यांपर्यंत पसरा. तिच्या पाठीकडच्या बाजूला फोम असतोच. जॅकेट अंगात असेल तर काढून खांद्यांखाली घालू नका, चेपलेलं जॅकेट निरुपयोगी. ते वरून पांघरा आणि पाठीखाली चेपणार नाही असं काही शोधा: वर्तमानपत्राचे आठ-दहा पदर, वाळकं गवत भरलेली सॅकची आतली पिशवी, गाडी जवळ असेल तर पायपुसणी. पाणी गरम करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, मोज्यात घाला आणि मांड्यांच्या मध्ये धरा.

एवढं करूनही हुडहुडी थांबत नसेल तर हॅमॉक सोडा. मॅट किंवा गवत जमिनीवर टाका, हॅमॉक त्यावर चौपदरी घाला, टार्प कमरेएवढा खाली आणा आणि सोबत्याच्या पाठीला पाठ लावून झोपा.